रस्ता कडेपासून मोजू या

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून आलेले स्थापत्य अभियंते, वास्तुरचनाकार, नगररचनाकार, आणि मागच्या रांगांत दाटीवाटीनं बसलेले अभियांत्रिकीचे विद्यार्थी,

एका सातारकराला सांगलीत बोलावून अध्यक्षाच्या खुर्चीत बसवण्याचा मोठेपणा तुम्ही दाखवलात. त्याबद्दल आभार. आभाराचा भाग इथेच आटोपतो, कारण वेळेची आठवण मला व्यासपीठावर चढतानाच करून दिली गेली आहे.

आपल्या धंद्यात रस्त्याचा आडवा छेद आपण मधून काढायला घेतो. आधी मध्यरेषा, मग दुभाजक, मग दोन्हीकडे वाहनांच्या लेन. मग कागदाच्या कडेला जे मीटर-दीड मीटर उरेल त्यावर ‘फुटपाथ’ असं लिहून मोकळे होतो. गटार त्याच्याच खाली, विजेची डीपी त्याच्याच वर, झाडाचं आळं त्याच्याच पोटात. म्हणजे चालणाऱ्यानं शिलकीत भागवायचं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की हा छेद उलट्या बाजूनं काढावा. दुकानाच्या पायरीला टेप लावून मोजायला सुरुवात करावी. पहिलं माप चालणाऱ्याचं, दुसरं सायकलचं, मग बसथांब्याचं. मोटारीचा नंबर त्यानंतर.

यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो : जागा कुठे आहे? तर याच शहरातला शंभर फुटी रस्ता घेऊ. नावाप्रमाणे शंभर फूट धरले तर साडेतीस मीटर होतात. सव्वातीन मीटरच्या चार लेन काढल्या, तेरा मीटर. दुभाजकाला दीड. उरले सोळा, म्हणजे एका बाजूला आठ मीटर. त्यात अडीच मीटर निव्वळ चालायला, दोन मीटर सायकलला, दीड मीटर झाडं, खांब आणि डीपीला. तरीही दोन मीटर गाड्या लावायला शिल्लक राहतात. चार लेनमधली एकही मी कापलेली नाही. आता प्रत्यक्ष त्या रस्त्यावर जाऊन ही आठ मीटर कुणाच्या ताब्यात आहेत ते पाहा. जागा आहे, फक्त ती वाटून दिलेली नाही. आणि वाटून न दिलेली जागा नेहमी जड माणसाच्या, इथे जड वाहनाच्या, वाट्याला जाते.

हरभट रोडची गोष्ट वेगळी. तिथे साडेतीस मीटर नाहीत आणि कधी होणारही नाहीत; रुंदीकरणाच्या लाल रेषा नकाशावर वर्षानुवर्षं राहतात आणि दुकानं जागच्या जागी. अशा रस्त्यावर फुटपाथ, सायकल ट्रॅक, लेन असे कप्पे पाडण्याचा हट्ट सोडावा. संपूर्ण फरसबंदी एका पातळीत आणावी, वेग वीसच्या खाली ठेवावा, माल उतरवायला सकाळची वेळ नेमून द्यावी. रुंद रस्त्याला जागेची वाटणी लागते, अरुंद रस्त्याला वेगाची.

वेगाबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांनी गतिज ऊर्जेचं सूत्र बारावीत पाठ केलं आणि नोकरीत विसरलं. ताशी पन्नासनं येणाऱ्या गाडीची धडक तीसच्या धडकेच्या पावणेतीन पट ऊर्जेची असते. चालणारा वाचतो की जातो, हे बहुधा या फरकात ठरतं. २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांतली ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती. ‘सावकाश जा’ ही पाटी लावून वेग कमी होत नाही. तो कोपऱ्याच्या गोलाईनं कमी होतो. चौकाच्या कोपऱ्याची त्रिज्या आपण ट्रेलर वळेल एवढी ठेवतो, मग दुचाकी तिथून ब्रेकही न लावता वळते. कोपरा आवळा, वळताना पाय आपोआप ब्रेकवर जातो. शाळेसमोरचा क्रॉसिंगचा पट्टा फुटपाथच्या पातळीला उचलून घ्या. असं केलं की चालणारा रस्त्यात उतरत नाही, गाडीला त्याच्या पातळीवर चढावं लागतं.

आता आमच्या साताऱ्याकडे वळतो. पोवई नाक्यावर आठ रस्ते एकत्र येतात. तिथल्या ग्रेड सेपरेटरचं काम २०१८ साली सुरू झालं आणि तो २०२१ च्या जानेवारीत खुला झाला. जमिनीखालून गाड्या नेण्याचं ते काम अवघड होतं आणि ज्यांनी ते केलं त्यांना मी अभियंता म्हणून दाद देतो. पण त्यानंतरचा प्रश्न आपण पुरेसा विचारलेला नाही. गाड्या खाली गेल्या, मग वर मोकळी झालेली जागा कुणाची? कोट्यवधी रुपये घालून आपण ती विकत घेतली आहे. तिच्यावर पहिला हक्क एसटी स्टँडवरून सामान घेऊन येणाऱ्या माणसाचा, शाळेतून सुटलेल्या मुलांचा असायला हवा. भुयाराच्या तोंडाशी चढ-उताराच्या भिंती उभ्या राहतात, त्यामुळे समोर दिसणाऱ्या दुकानापर्यंत जायला वळसा पडतो. गाडीचा वळसा वाचवताना चालणाऱ्याचा वाढला तर तो वळसा घेत नाही, भिंतीच्या टोकाशी जीव मुठीत धरून धावतो.

साताऱ्याला एक सोय आयती मिळाली आहे. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेल्या या गावात पोवई नाक्यापासून राजवाड्याकडे जाणारे दोन रस्ते जवळजवळ समांतर आहेत : वरचा राजपथ आणि खालचा कर्मवीर पथ. सातारकर पत्ता सांगतानाच ‘वरच्या रस्त्यानं का खालच्या?’ असं विचारतो. हे दोन रस्ते एक जोडी धरून आखले, म्हणजे एकावर मोटारींचा भार आणि दुसऱ्यावर चालणारे, सायकली आणि बस यांना झुकतं माप, तर कुठलीही इमारत न पाडता गावाचा मधला भाग चालण्याजोगा होईल. मोती चौकातले व्यापारी यावर नाराज होतील, ते मला ठाऊक आहे. दारात गाडी लागली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही, असा त्यांचा हिशेब. दारात लागलेली ती गाडी बऱ्याचदा दुकानाच्या मालकाचीच असते, हे मात्र ते हिशेबात धरत नाहीत.

गमतीचा भाग असा की याच साताऱ्यात २०१२ पासून दरवर्षी हिल मॅरेथॉन होते. यवतेश्वरच्या घाटात हजारो लोक धावतात, आणि त्यांच्यासाठी वाहतूक वळवली जाते. वर्षातून एक सकाळ पायांना मान मिळतो. त्याच लोकांच्या आईवडिलांना मंडईपर्यंत निर्धास्त चालत जाता येत नाही.

पुण्यात आमच्या गावाच्या नावाचा एक रस्ता आहे. त्या सातारा रस्त्यावर २००६ च्या डिसेंबरात देशातल्या सुरुवातीच्या जलद बससेवांपैकी (बीआरटी) एक धावू लागली, आणि तिच्या कडेनं सायकल ट्रॅकही आखले गेले. त्यांचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. ट्रॅक मधेच संपतो, बसथांब्यापाशी हरवतो, झाडाला धडकतो आणि चौकात, म्हणजे जिथे त्याची सर्वांत जास्त गरज, तिथे नेमका नसतो. सायकलवाला मुख्य रस्त्यावर परत येतो आणि मग आपण म्हणतो, ट्रॅक दिला तर कुणी वापरत नाही. पोहऱ्याला अर्धाच दोर बांधून विहिरीत पाणी नाही म्हणण्यातला हा प्रकार. त्याच पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद झाले आणि लोक तिथे बसू, रेंगाळू लागले. कडेपासून मोजलं की काय होतं याचा हा नमुना. दुचाक्या त्यावरही चढतातच, ते खरं.

सायकलीसाठी तर सांगलीसारखं गाव शोधून सापडायचं नाही. घाट नाही, चढ नाही. गावभागातून विश्रामबागेला कॉलेजात जाणाऱ्या किती पिढ्या सायकलवर शिकल्या! त्या काळी सायकलला पालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा नसला किंवा मागे डबलसीट घेतलं तर पोलीस अडवत. म्हणजे सायकलवाला कर भरणारा, नियमातला वाहनचालक होता. आज मार्केट यार्डात हमालीला जाणारा, गवंडीकामाला जाणारा माणूस सायकलवर आहे, पण आपल्या वाहतूक सर्वेक्षणाच्या तक्त्यात त्याचा रकाना अनेकदा ‘इतर’ असतो.

सांगलीच्या अडचणी जमिनीतल्या आहेत. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर नुसती कच टाकून पेव्हर ब्लॉक बसवले की दोन पावसाळ्यांत फुटपाथ लाटेसारखा होतो आणि म्हातारं माणूस तिथे पडतं. खाली मुरुमाचा नीट दाबलेला थर आणि पाण्याचा निचरा, यात कसूर करू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी आपल्याला आणखी एक शिकवलं. १९२९ च्या आयर्विन पुलाशी पाणी किती फूट आहे, हे सगळं गाव विचारत असतं. पाणी चढलं की गाडी घरात राहते आणि लोक चालत बाहेर पडतात. गटाराचा ढापा गायब असेल तर त्या गढूळ पाण्याखाली तिथला खड्डा दिसत नाही.

मानकांची उणीव आपल्याला नाही. इंडियन रोड्स काँग्रेसचं पादचाऱ्यांविषयीचं १०३ क्रमांकाचं मानक निव्वळ रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर सांगतं. तरी आपण गुडघ्याएवढे फुटपाथ बांधतो आणि वर लोक चढत नाहीत म्हणून त्यांनाच बोल लावतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९८-अ हे कलम आलं. सदोष आखणीसाठी प्राधिकरण, सल्लागार, ठेकेदार यांना एक लाखापर्यंत दंड. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अडथळामुक्त फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच, घटनेच्या २१ व्या कलमाचा, भाग असल्याचं सांगितलं. तेव्हा आता फुटपाथ ही पालिकेची मेहेरबानी राहिलेली नाही.

फेरीवाल्यांबद्दल माझं मत काहींना रुचणार नाही. हातगाडा दोन-अडीच चौरस मीटर घेतो, उभी मोटार दहा-बारा. अतिक्रमण पथक मात्र हातगाड्यावर आधी येतं. २०१४ च्या कायद्यानं पथविक्रेता समितीत चाळीस टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या आहेत. तिला बरोबर घेऊन छेदातच त्यांची पट्टी आखा. रात्री नऊला भाजीवालीच्या दिव्यामुळे तो कोपरा बाईमाणसाला निर्धास्त वाटतो, हेही आखणीत धरा.

शेवटी कामाचं. काँक्रीट ओतण्याआधी तीन महिने नुसते ड्रम, दोऱ्या आणि रंग वापरून नवा छेद रस्त्यावर उभा करायचा आणि जिथे चुकतो तिथे ड्रम सरकवायचा, अशी चाचणी करावी; तात्पुरत्या आखणीची चाचणी पुण्यात औंधमध्येही झाली होती. आपल्याकडे दोन तुकडे मी सुचवतो : साताऱ्यात मोती चौक ते देवी चौक आणि सांगलीत शंभर फुटी रस्त्याचा कॉलेजच्या मुलांची वर्दळ असलेला भाग. मोजणी विद्यार्थ्यांनी करावी, आधी आणि नंतर, सकाळी साडेनऊला आणि संध्याकाळी सहाला. सायकलचा रकाना स्वतंत्र ठेवावा. दोन्ही तुकड्यांचे आराखडे मागच्या टेबलावर मांडले आहेत. ते पेन्सिलीनं काढले आहेत, खोडरबरही शेजारीच आहे. दुपारच्या सत्रात ठराव येईल, त्याआधी जेवणाच्या सुट्टीत ते बघून घ्या आणि ज्याला जिथे पटणार नाही त्यानं तिथे खोडून आपली रेघ मारावी.