कारवी फुलली की पुढचा उन्हाळा सांभाळा



भोर-वेल्ह्याच्या माणसाला कारवी दाखवावी लागत नाही. तोरणा, राजगड, रायरेश्वर यांच्या उतारांवर, वरंध घाटाच्या आणि मढे घाटाच्या बाजूला तिचे दाट रान असते. तिच्या काठ्यांचे कूड उभारून शेणामातीने लिंपलेल्या घरांत आपल्यापैकी अनेकांचे बालपण गेले. पण या झुडपाचा जीवनक्रम आपण फारसा ध्यानात घेत नाही.

कारवी अडुळसा व कोरांटीच्या कुळातील आहे. ती दरवर्षी फुलत नाही. साधारण सात-आठ वर्षे नुसती वाढते, मग एका पावसाळ्याच्या उत्तरार्धात सारा उतार निळा-जांभळा होतो. सर्व डोंगर एकाच वर्षी फुलतात असे नाही. केरळातील नीलकुरिंजी हिचीच बहीण. ती बारा वर्षांनी फुलते, २००६ नंतर २०१८ साली फुलली. फुलोऱ्यानंतर कारवी वाळते. बोंडे मात्र वाळक्या काठीवरच राहतात. ती तडकून बी जमिनीवर पडते आणि पुढच्या पावसात नवे रान उगवते.

म्हणजे सात-आठ वर्षांची सारी पुंजी एका उन्हाळ्यात वाळक्या काठीवर टांगलेली असते. नेमका तोच काळ वणव्याचा.

विद्यार्थी असताना आम्ही मित्रांनी अशाच वाळक्या कारवीची शेकोटी केली होती. सरपण म्हणूनच पाहिले. त्या काठ्यांवर बोंडे होती, हे पुढे अभ्यासात उमगले. आजही त्याची चुटपुट लागते.

कारवी गेली तर नुकसान आपलेच. तिची दाट मुळे उतारावरची माती धरून ठेवतात. माती उघडी पडली की पहिल्याच जोरदार पावसात ती खालच्या भातखाचरात, तिथून ओढ्याने भाटघर, पानशेतच्या जलाशयात जाते. वणव्यानंतर गवत हिरवे दिसते, पण पालापाचोळा जळून जमीन उघडी पडते, हे विसरू नये.

तेव्हा पुढील गोष्टी कराव्यात :

१) आपल्या डोंगरावर कारवी कोणत्या वर्षी फुलली, याची ग्रामपंचायतीत नोंद ठेवावी.

२) फुलोऱ्याच्या वर्षी मालकी रानातील कारवी तोडू नये. बी झडल्यावर वाळक्या काठ्या कुडाला, वेलवर्गीय भाज्यांच्या मांडवाला खुशाल वापराव्यात. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय तोड करू नये.

३) राब भाजण्यापूर्वी भोवतालचे गवत काढून मोकळा पट्टा ठेवावा. वारा पडलेला असताना भाजावे. पाणी व हिरवे डहाळे जवळ ठेवावेत. राख निवेपर्यंत जागा सोडू नये.

४) कारवीच्या फुलोऱ्यावर मधमाश्या मोठ्या संख्येने येतात. सातेरी माश्यांच्या पेट्या असणाऱ्यांनी त्याचा लाभ घ्यावा. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. मधपालन शिकूनच सुरू करावे.

बंधूंनो, भाताचे बी चुकले तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. कारवीचे बी जळाले तर जवळच्या डोंगरावरून बी येण्याची वाट पाहण्यापलीकडे हातात काही उरत नाही. म्हणून फुलोऱ्यानंतरचा तो एक उन्हाळा गावाने मिळून राखावा, एवढीच विनंती.