पांच जणांचा भार

कसरत हा एकट्याचा खेळ आहे, असा सर्वसाधारण समज असतो, आणि तो अगदींच निराधार नाहीं. मल्लखांबावर चढणारा मुलगा एकटाच चढतो. त्याचा तोल त्याचा त्यालाच सांभाळावा लागतो, आणि हात निसटला तर खालीं येतो तोहि एकटाच. हुतुतूंत पकडला गेलेला गडी सोबत्यांच्या पराक्रमानें पुन्हां उठतो. कसरतींत तशी सोय नाहीं. मग अशा खेळांत 'राष्ट्राचा संघ' या शब्दांना अर्थ तरी काय उरतो? सहा जण एकाच रंगाचा पोषाख करून ओळीनें उभे राहिले, एवढ्यानें त्यांचा संघ होतो काय?

या प्रश्नाचें उत्तर प्रथम गणितांत शोधावें लागतें. पुरुषांच्या जिम्नॅस्टिक्समध्यें सहा प्रकार असतात : मोकळ्या चटईवरील कसरत, मुठी बसविलेला घोडा, लोंबत्या कड्या म्हणजेच रिंगा, घोड्यावरून उडी, डबलबार आणि सिंगलबार. १९७६ सालीं कॅनडांतील माँट्रियल शहरीं ऑलिंपिक सामने भरले, तेव्हां प्रत्येक संघांत सहा खेळाडू असत. प्रत्येक प्रकारांत सहाहि जण आपली कसरत करीत; परंतु बेरजेंत धरले जात ते उत्तम असे पांचांचे गुण. सर्वांत कमी गुण ज्याचे, ते सोडून देत. एक फेरी सर्वांना सारख्याच नेमून दिलेल्या कसरतीची व दुसरी ज्याच्या त्याच्या पसंतीच्या कसरतीची. एका कसरतीस अधिकांत अधिक दहा गुण. तेव्हां पांच खेळाडू, सहा प्रकार व दोन फेऱ्या मिळून संघाला जास्तींत जास्त ६०० गुण मिळणें शक्य असे.

या नियमांत एक मोठी माणुसकीची गोष्ट दडलेली होती. सहांपैकीं कोणा एकाची चूक संघ पोटांत घालूं शकत असे. आज एकाचा हात सुटला तर उरलेले पांच त्याला झांकून घेत. उद्यां दुसऱ्याचा पाय घसरला तर पहिला त्याचें ऋण फेडी. कोणाचे गुण सोडून द्यावे लागतील हें आधीं ठाऊक नसे. म्हणून सहावा गडी हा निरुपयोगी नव्हे, तर पांचांच्या पाठीशीं असलेला निर्धास्तपणा होता.

या गणितांत जपानच्या संघानें जें यश मिळविलें, तें थक्क करून सोडणारें आहे. १९६० पासून १९७८ पर्यंत पांच ऑलिंपिक सामने व पांच जागतिक अजिंक्यपदाचे सामने झाले. त्या दहाहि वेळां सांघिक विजय जपानचाच झाला. परंतु या वैभवाचा आरंभ मोठा दीनवाणा होता. १९३२ सालीं लॉस एंजेलिस येथें पांच संघ उतरले, त्यांत जपान पांचवा आला. १९३६ सालीं बर्लिनमध्यें त्याला नववें स्थान मिळालें. त्याच बर्लिनच्या सामन्यांच्या प्रसंगीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक आपल्याकडील देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें दाखवून आलें होतें. पुढें महायुद्ध भडकलें, देश पराभूत झाला, आणि १९४८ च्या लंडन येथील सामन्यांना जपानला बोलावणेंच आलें नाहीं.

१९५२ सालीं हेलसिंकी येथें जपानी खेळाडू पुन्हां दिसले, तेव्हां बलाढ्य संघांचे आठ-आठ खेळाडू असतां जपाननें पाठविले ते पांचच. गुण पांचांचेच धरावयाचे, आणि माणसेंहि पांचच. म्हणजे चूक पोटांत घालणारा कोणी उरलाच नाहीं. अशा स्थितींत त्यांनीं पांचवा क्रमांक मिळविला. त्या पांचांत ताकाशी ओनो व मासाओ ताकेमोतो हे दोघे होते. ताकेमोतो याचा जन्म १९१९ चा. खेळाडूच्या आयुष्यांतील ऐन उमेदीचीं वर्षें युद्धाच्या धामधुमींत निघून गेलीं होतीं. पण त्यानें साधना सोडली नाहीं. १९५६ सालीं मेलबोर्न येथें सोव्हिएत संघाकडून जपान अवघ्या १.८५ गुणांनीं हरला. १९६० सालीं रोम येथें २.५० गुणांनीं जिंकला, तेव्हां विजयी संघांतील ताकेमोतोनें वयाचीं चाळीस वर्षें पूर्ण केलेलीं होतीं.

त्यानंतरचीं वर्षें चढत्या कमानीचीं होतीं. १९६४ सालीं सामने टोकियोंतच भरले आणि सर्व खेळाडूंच्या वतीनें शपथ घेण्याचा मान ओनोला मिळाला. विजयाचें अंतर याहि खेपेस २.५० गुणांचें होतें. १९६८ सालीं मेक्सिकोंत तें ४.८० झालें व १९७२ सालीं म्यूनिकमध्यें ७.२० वर गेलें. म्यूनिकला तर वैयक्तिक सर्वांगीण स्पर्धेंतील तिन्ही पदकें जपान्यांनींच घेतलीं. सावाओ कातो पहिला, एइझो केन्मोत्सु दुसरा व अकिनोरी नाकायामा तिसरा. याच सामन्यांत मित्सुओ त्सुकाहारा यानें सिंगलबारवरून खालीं येतांना हवेंत गिरकीसह दुहेरी कोलांटी घेतली. ती पुढें जगभर 'चांद्र-कोलांटी' या अर्थाच्या नांवानें प्रसिद्धि पावली.

अशा संघाला माँट्रियल येथें खरी कसोटी द्यावी लागली. सामन्यांच्या आधींच शिगेरु कासामात्सु या कसलेल्या खेळाडूस आंत्रपुच्छाच्या विकारामुळें बाहेर राहावें लागलें आणि त्याच्या जागीं हिसातो इगाराशी यास घेण्यांत आलें. समोर निकोलाई आंद्रियानोव्हचा सोव्हिएत संघ पूर्ण तयारीनिशीं उभा होता. नेमून दिलेल्या कसरतींची फेरी संपली, तेव्हां तो किंचित् पुढेंच होता. २० जुलै १९७६ रोजीं दुसरी फेरी सुरू झाली. चटईवरील कसरत करतांना सव्वीस वर्षांच्या शुन फुजिमोतो यास गुडघ्यांत कळ आली. गुडघ्याची वाटी फुटली होती.

फुजिमोतोनें हें कोणास कळूं दिलें नाहीं. सोबत्यांचें मन आपल्या दुखण्याकडे ओढलें जाऊं नये, हा त्याचा हेतु होता. पुढचा प्रकार मुठींच्या घोड्याचा. तेथें शरीराचा भार हातांवर असतो, तरी शेवटीं पाय जमिनीवर टेकावेच लागतात. त्यास ९.५ गुण मिळाले. त्यानंतर रिंगा. रिंगांवरील कसरतहि बाहूंच्या बळावरच होते. परंतु ती संपवितांना जमिनीपासून अडीच मीटरांहून अधिक उंच असलेल्या त्या कड्या सोडून, हवेंत कोलांटून, दोन्ही पायांवर ताठ उतरावें लागतें. निरोगी पायांनाहि तो धक्का सोसणें कठीण. फुजिमोतो उतरला, दुखरा पाय डगमगला, चेहरा वेदनेनें पिळवटला. पण तोल सांवरून तो उभा राहिला. पंचांनीं ९.७ गुण दिले. त्या उडीनें गुडघ्याची दुखापत अधिकच बळावली आणि वैद्यांच्या सल्ल्यानें त्यास थांबावें लागलें.

ही हकीकत जगभर सांगितली जाते, आणि बहुधा येथेंच संपविली जाते. ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात. परंतु संघ म्हणजे काय, हें ज्याला समजून घ्यावयाचें आहे, त्यानें याच ठिकाणीं कथेला आरंभ झाला असें मानावें.

कारण फुजिमोतो बाजूस बसला तेव्हां तीन प्रकार शिल्लक होते : घोड्यावरून उडी, डबलबार व सिंगलबार. मैदानांत उरले कातो, केन्मोत्सु, त्सुकाहारा, हिरोशी काजियामा आणि ऐनवेळीं आलेला इगाराशी. गुण पांचांचे धरावयाचे व माणसेंहि पांचच. चोवीस वर्षांपूर्वीं हेलसिंकीस जी स्थिति दारिद्र्यामुळें आली होती, तीच आतां दैवगतीनें पुन्हां पुढें ठाकली. पांच जणांच्या तीन-तीन, अशा पंधरा कसरती व्हावयाच्या होत्या. त्यांतील एकहि कसरत सोडून देतां येणार नव्हती. त्या काळच्या नियमाप्रमाणें साधनावरून एकदां खालीं पडलें म्हणजे अर्धा गुण जात असे. शेवटची बेरीज झाली ती अशी : जपान ५७६.८५, सोव्हिएत संघ ५७६.४५. अंतर ०.४० चें, म्हणजे अर्ध्या गुणाहूनहि कमी. त्या पंधरांपैकीं एकाच कसरतींत एकच माणूस एकदांच पडता, तर सोळा वर्षांची परंपरा तेथेंच खंडित झाली असती.

कोणीहि पडलें नाहीं. यांत नाट्य नाहीं, म्हणून त्याची कथा कोणी सांगत नाहीं. नेहमींची गोष्ट नेहमींच्याच चोखपणें, पण पाठीशीं आधार नसतांना करणें, हें धैर्य डोळ्यांत भरणारें नसतें. तें धैर्य त्या क्षणीं जन्मास येत नाहीं. अनेक वर्षांच्या सवयींतून तें आधींच हाडींमासीं खिळलेलें असतें. इगाराशीचेंच उदाहरण घ्यावें. दुसऱ्याच्या जागीं आलेल्या माणसाच्या मनांत उसनेपणाची भावना असणें स्वाभाविक होतें. परंतु त्याच्यावर पडलेला भार उसना नव्हता, आणि तो त्यानें पुरा उचलला.

मग फुजिमोतोच्या कृत्याची किंमत कमी ठरते काय? मुळींच नाहीं. त्याच्यामुळें आणखी दोन प्रकारांत संघाला सहाव्याचा आधार लाभला. तथापि पुढें कित्येक वर्षांनीं, पुन्हां तसा प्रसंग आला तर तसेंच कराल काय, असें त्यास विचारलें असतां त्यानें सरळ नकार दिला. हें उत्तर त्याच्या उडीइतकेंच मोलाचें आहे. तरुण मुलांपुढें ही कथा ठेवणाऱ्यांनीं हा शेवटचा भाग गाळूं नये. मोडलेला गुडघा लपविणें हा पराक्रम असेल, पण तो अभ्यासक्रम होऊं शकत नाहीं. त्या दिवशीं संघ जिंकला तो एकानें हाड मोडून घेतल्यामुळें नव्हे. ज्याला थांबणें प्राप्त झालें त्याला थांबूं देऊन त्याचा भार उचलण्यास पांच जण समर्थ होते, म्हणून तो जिंकला.

वैभवाला उतरती कळा लागतेच. १९७९ सालीं फोर्ट वर्थ येथें जागतिक अजिंक्यपद सोव्हिएत संघानें परत घेतलें, आणि १९९६ सालीं अटलांटाच्या ऑलिंपिकमध्यें जपान दहाव्या स्थानापर्यंत घसरला. माँट्रियलनंतर अठ्ठावीस वर्षांनीं, २००४ सालीं, अथेन्स येथें जपाननें पुन्हां सांघिक सुवर्णपदक मिळविलें. त्या संघांत नाओया त्सुकाहारा हा खेळाडू होता. म्यूनिक व माँट्रियल गाजविणाऱ्या मित्सुओचा हा पुत्र.

मधल्या काळांत नियम मात्र कठोर झाले. अथेन्सपासून अंतिम फेरींत प्रत्येक प्रकारांत तीनच खेळाडू उतरतात आणि तिघांचेहि गुण धरले जातात. पूर्वींची पोटांत घालण्याची सोय संपली. याचा परिणाम २९ जुलै २०२४ रोजीं पॅरिस येथें दिसला. जपानचा अग्रगण्य खेळाडू दाइकी हाशिमोतो मुठींच्या घोड्यावरून पडला, आणि शेवटचा सिंगलबारचा प्रकार आला तेव्हां चीन तीन गुणांहून अधिक पुढें होता. परंतु चीनचा सु वेइदे सिंगलबारवरून दोनदां पडला. तोहि, पूर्वींच्या इगाराशीप्रमाणेंच, सुन वेइ या जखमी खेळाडूच्या जागीं आलेला होता. हाशिमोतोनें शेवटची कसरत निर्दोषपणें पार पाडली आणि जपान ०.५३२ गुणांनीं विजयी झाला.

त्या संध्याकाळीं दोघे पडले होते. एकाच्या चुकीचें ओझें सोबत्यांनीं वाहून नेलें, म्हणून तो पदक घेऊन परतला. दुसऱ्याच्या चुकीमागें फारशा कसरती उरल्या नव्हत्या, म्हणून पराभवाचें खापर त्याच्या एकट्याच्या माथीं फोडण्यास लोक सरसावले. दोघांत अंतर होतें तें धैर्याचें नव्हे, वेळेचें. सु वेइदे पडला तेव्हां सबंध चीनचा संघ पडला होता, कारण विजयांत जर सर्वांचा वांटा असतो, तर तो चुकींतहि असलाच पाहिजे.

नियम सहाव्याला वगळूं शकतात. पण प्रत्येक घराला, शाळेला व देशाला त्याची गरज राहतेच. कधीं तो आपली चूक झांकतो, कधीं त्याची चूक आपण झांकावयाची असते. माँट्रियलच्या विजयपीठावर पांचांबरोबर शुन फुजिमोतोहि पाय ओढीत चढला आणि त्याच्याहि गळ्यांत तेंच सुवर्णपदक पडलें. शेवटच्या तीन प्रकारांत त्याचा एकहि गुण नव्हता. तरी ती बेरीज त्याचीहि होती.