दुपारचं कुलूप

रोहा-पेणच्या गावोगावच्या वाचनालयांतून आलेल्या ग्रंथमित्रांनो,

आत्ता आपण सगळे कोलाड नाक्यावरून आलात. महामार्गावरचे हॉर्न, ट्रक, गर्दी सोसलीत आणि सभागृहात शिरताच विसरलात. काही मुलांना ते विसरता येत नाही. हॉर्न त्यांच्या अंगावर येतो, ट्यूबलाइटची घरघरही डोक्यात वाजत राहते. अशा मुलाला घेऊन आईने जायचं कुठे? आपल्याकडे. भिंतीवर 'शांतता राखा' लिहिलेली दुसरी जागा गावात नाही.

1999 साली कोलाडहून मालट्रक रेल्वेवर चढवून गोव्यात वेर्ण्याला न्यायला सुरुवात झाली. त्या सुमारास मी ज्या वाचनालयात होतो, तिथे एक मुलगा यायचा. रेल्वेचं एकच पुस्तक उघडायचा, डोलत बसायचा आणि तोंडाने गाडी चालवायचा. सभासद कुरकुरले. मी त्याच्या आईला भिंतीवरची पाटी दाखवली. ती काही बोलली नाही आणि पुन्हा आलीही नाही. वाचकागणिक त्याचं पुस्तक असतं, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन 1931 साली सांगून गेले. त्या मुलाला त्याचं पुस्तक सापडलं होतं; ते मी मिटवलं. अशा मुलांना 'स्वमग्न' म्हणतात; हा शब्द मला तेव्हापासून खटकतो. तो पोरगा स्वतःत कुठे मग्न होता? गाडीत होता!

दुसरी मुलं गप्प असतात, म्हणून दिसत नाहीत. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची त्यांच्या डोळ्यांपुढे अदलाबदल होते. पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. आपण ती कशी शिकलो, याचंच नवल. या मुलांना आपण आळशी म्हणतो. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नतेबरोबर अध्ययन अक्षमताही आहे. अशा वाचकांसाठी, नफा न घेता, पुस्तकाचं ध्वनिरूप करायला कॉपीराइट कायद्याने 2012 पासून मुभा दिली आहे. मग निवृत्त शिक्षकांना मोबाइलवर रेकॉर्ड करत वाचायला बसवा. आवाज खणखणीत असतात आणि त्यांना ऐकणारंही कुणी हवंच असतं.

स्वमग्नता असलेल्या मुलांच्या आईबापांना मात्र गोष्टीच्या पुस्तकाआधी कागद हवे असतात. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र कसं काढायचं, 'निरामय' आरोग्य विम्यात काय मिळतं, मूल 18 वर्षांचं झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज कसा करायचा. या माहितीसाठी माणसं एसटीने अलिबागला हेलपाटे घालतात. आपल्या टेबलावर एक फाइल असली, आणि अर्ज भरून देणारं कुणी असलं, तर निदान एक खेप वाचेल.

अनुदानाचं रडगाणं मीही पुष्कळ गायलो आहे. इथे ते चालणार नाही; पैसा नव्हे, वेळ हवा आहे. आपली बहुतेक वाचनालयं सकाळी आणि संध्याकाळी उघडी असतात, दुपारी कुलूप. आठवड्यातून एका दुपारी ते कुलूप दोन तास काढा. दिवे मोजके, खिडक्या उघड्या, पंखा आवाज करत असेल तर बंद. कपाटं उघडी ठेवा. कुणी डोललं, गुणगुणलं, एकच पान दहादा पाहिलं तरी हटकायचं नाही. पान फाटलं तर दंड नाही, डिंक आहे.

सुरुवात कोलाडपासून करायची असेल, तर पहिल्या दुपारची किल्ली माझ्याकडे द्या. रेल्वेचं ते पुस्तक बाद केलं तेव्हा मी घरी आणलं होतं. पुठ्ठा निखळला आहे, इंजिनाचं पान शाबूत आहे.