नव्या गाडीचे पहिले तेल

(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



आज बोलण्याचे काम मजवर सोपविले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी सातवी शिकलेली बाई, माझे बोलणे ओट्याजवळचे. आजवर इथे उभे राहून मी तुम्हांला कुरडयांचा चीक आणि मोदकाची उकड यांखेरीज काही सांगितलेले नाही. पण मागच्या बैठकीत एका बहिणीने नवी स्कूटर घेतल्याचे पेढे वाटले, आणि मी पेढा तोंडात टाकण्याआधी विचारले, "पहिले तेल कधी बदलणार?" त्यावर दोघीतिघी हसल्या. अध्यक्षाबाई म्हणाल्या, "आता तुम्हीच बोला यावर." तेव्हा हसणाऱ्यांनी आता ऐकूनही घ्यावे!

हसण्याचे कारण मला ठाऊक आहे. गाडीचे तेलपाणी हा पुरुषांचा विषय असे आपण धरून चालतो. पण सकाळी आपल्या काशीमिऱ्याच्या नाक्यावर उभे राहून पाहा. मुलांना शाळेत सोडणाऱ्या, कारखान्यात, दवाखान्यात, दुकानात कामाला जाणाऱ्या किती बायका स्कूटरवरून जातात! गाडी आपण चालवितो, हप्ता आपण भरतो, आणि तिच्या पोटात काय चालले आहे ते मात्र दुसऱ्यावर सोडतो.

मीही तेच केले होते. २०२३ च्या दसऱ्याला आम्ही स्कूटर घेतली. थोडे पैसे साठवणीतले, बाकीचे बचत गटाच्या कर्जाचे. मी गाळ्यांतील कामगारांना जेवणाचे डबे पोचविते हे तुम्हांला माहीत आहेच. आधी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पायी जात असे. गाडी दारात आली त्या दिवशी चाकाखाली लिंबू ठेवले, हार घातला, नारळ फोडला. गाडीबरोबर एक पुस्तिका मिळाली होती. तिलाही हळदकुंकू लावले आणि देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवून दिली. ती तिथेच राहिली. पूजा झाली, वाचन राहिले.

माझी रोजची फेरी जेमतेम चार किलोमीटरची. चार महिन्यांनी काटा चारशेच्या आसपास होता. मी यजमानांना दोनदा म्हटले, "अहो, पहिल्या सर्व्हिसिंगचे काय?" यजमान गेली पंचवीस वर्षे लेथवर काम करतात, त्यांना यंत्रातले कळते. ते म्हणाले, "हजार किलोमीटर कुठे झालेत? घाई कसली?" मलाही ते पटले. वापर कमी, म्हणजे झीज कमी, असे कोणालाही वाटेल.

शेवटी २०२४ च्या फेब्रुवारीत गाडी घेऊन गेले. तिथल्या मुलाने पुस्तिका चाळली आणि म्हणाला, "काकू, तीस दिवस केव्हाच उलटले. हे कूपन बाद झाले." घरी येऊन मुलीला ते पान वाचावयास लावले. पहिल्या सर्व्हिसिंगसाठी किलोमीटरही लिहिले होते आणि दिवसही, आणि पुढे इंग्रजीत तीन शब्द होते, 'व्हिचेव्हर इज अर्लिअर'. मुलीने अर्थ सांगितला, दोहोंपैकी जे आधी येईल ते. आमचे किलोमीटर आले नव्हते, पण तारीख येऊन गेली होती. यजमान काही बोलले नाहीत. कपाटावरचा चष्मा घेऊन त्यांनी ते पान स्वतः पुन्हा वाचले.

एवढ्यावर भागले असते तर मी आज उभी राहिले नसते. जून महिन्यात गाडीचे बटण दाबून ती सुरू होईना. सुरू करणारी मोटर गेली होती. वॉरंटीची मुदत बाकी होती, पण पहिली सर्व्हिसिंग वेळेवर झाली नाही म्हणून ती देता येणार नाही असे सांगण्यात आले. तेलाचा आणि त्या मोटरीचा काय संबंध, असे मी पुष्कळ भांडून पाहिले. संबंध नव्हताच, पण अट होती. २,५६० रुपये गेले. माझा डबा ८० रुपयांचा. बत्तीस डबे मी फुकट रांधले आणि फुकट पोचविले, डाळ-तांदळाचा खर्च वेगळाच.

त्या फेब्रुवारीतल्या दिवशी एक गोष्ट मात्र मी चांगली केली. पैसे देऊनच तेल बदलायचे होते, तेव्हा म्हटले, काढलेले तेल मला पाहू द्या. त्या मुलाला नवल वाटले. त्याने तसराळे उन्हात सरकविले. काळपट तेलावर चांदीच्या वर्खासारखी बारीक चमक तरंगत होती. मी घाबरले. यजमानांनी बोट बुडवून दोन बोटांत चोळले आणि म्हणाले, "ही धातूची कीस आहे. नव्या जॉबला असते तशी."

भगिनींनो, हे आपल्याला समजावयास कठीण नाही. पाथरवटाकडून पाट्याला टाकी मारून घेतली की पहिले वाटण आपण खातो का? थोडे तांदूळ वाटून ते टाकून देतो, कारण त्यात दगडाची कच येते. इंजिनाचे तसेच आहे. आत दट्ट्या असतो, त्याला ते पिस्टन म्हणतात. तो नळकांड्यात एका मिनिटाला हजारो वेळा वरखाली होतो. त्याच्या भोवती कड्या असतात. कारखान्यात भाग कितीही गुळगुळीत केले तरी अतिसूक्ष्म उंचवटे राहतात, आणि पहिल्या काही शे किलोमीटरांत ते एकमेकांवर घासून बसतात. त्याची जी कीस निघते ती तेलात उतरते. म्हणजे पहिले तेल हे पाट्याचे पहिले वाटण आहे. म्हणूनच बहुतेक स्कूटरींत पहिले तेल पाचशे ते हजार किलोमीटरांच्या दरम्यान, किंवा महिन्याभरात बदलावयास सांगतात. पुढची तेले मग कित्येक हजार किलोमीटर चालतात. नेमका आकडा ज्या त्या गाडीच्या पुस्तिकेत असतो, माझा आकडा तुम्ही घेऊ नये.

यावर कोणी म्हणेल, आमच्या मोटारीचे पहिले तेल तर हजार किलोमीटरला बदललेच नाही, नुसती तपासणी करून पाठविली. ते बरोबर आहे. मोटारीत तीन लिटर किंवा त्याहून अधिक तेल असते आणि ते कागदी घडीच्या गाळणीतून सारखे गाळले जाते. त्यामुळे पुष्कळ मोटारींना पाच हजार, दहा हजार किंवा एक वर्ष अशी मुदत असते. आपल्या लहान स्कूटरीत एक लिटरसुद्धा तेल नसते, आणि बहुतेकींत गाळणी म्हणजे तारेची जाळी, आपल्या चहाच्या गाळणीसारखी. बारीक कीस तीतून निसटते.

तारखेचे कोडे मला बरेच दिवस सुटले नव्हते. उभ्या गाडीचे तेल का बिघडावे? नंतर कळले की माझ्यासारखीच्या लहान फेऱ्याच गाडीला जड जातात. अर्धा किलोमीटर गेले, थांबले, डबा दिला, पुन्हा निघाले. इंजिन पुरते तापतच नाही. मग आत धरलेला ओलावा आणि न जळलेले थोडे पेट्रोल तेलातच राहते. लांब पल्ल्याला इंजिन तापून ते उडून जाते. भांडे नुसते कोमट करून झाकून ठेवले तर घाम धरते, तसे हे.

आमचे सासरे होते तोवर मला सांगत, "तेल बदलायचे कशाला? पेट्रोलबरोबर घालायचे!" त्यांचे खोटे नव्हते. त्यांच्याकडे बजाजची चेतक होती. ही गाडी १९७२ साली निघाली आणि ती मिळावी म्हणून लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. तिचे इंजिन दोन स्ट्रोकचे. पेट्रोलमध्येच तेल मिसळावयाचे, ते जळून धुरावाटे निघून जाई. बदलावयास ते उरतच नसे, बदलावयाचे ते गिअरचे तेल. २००० सालाच्या सुमारास धुराचे नियम कडक झाले आणि चार स्ट्रोकच्या स्कूटरी आल्या. यांत तेल तळाशी साठून फिरत राहते, जळण्यासाठी नसते. पण सासऱ्यांच्या पिढीचे वाक्य घराघरांत अजून आहे. विजेवर चालणाऱ्या स्कूटरीला तर इंजिनच नाही, त्यामुळे इंजिनचे तेलही नाही. तेवढ्या पुरत्या त्या बहिणी सुखी!

आता दुसरी बाजू. माझा पुतण्या सामान पोचविण्याचे काम करतो. त्याची गाडी दिवसाला शंभर किलोमीटर धावते. मला तारखेने गाठले, त्याला किलोमीटरांनी. त्याचे हजार किलोमीटर दहा दिवसांत झाले. एक दिवस गाडी ठेवली तर त्या दिवसाची कमाई जाते, म्हणून आज नको उद्या, असे करीत त्याने तेल बदललेच नाही, कांडी काढून पातळीही पाहिली नाही. चार स्ट्रोकच्या इंजिनातही थोडे थोडे तेल कमी होतच असते. एका रात्री एकच्या सुमारास घोडबंदर रस्त्याने ठाण्याहून परत येत असता गायमुखच्या चढावर गाडी करकरली आणि जागच्या जागी थांबली. मागून अवजड ट्रक येत होते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. त्याने गाडी ढकलत कडेला घेतली आणि उजाडेपर्यंत तिथेच बसून राहिला. जाऊबाईंनी ती रात्र कशी काढली ते मी पाहिले आहे. इंजिन उघडले तेव्हा तेल नावालाच उरले होते, आणि पिस्टन नळकांड्याला चिकटलेला. तीन आठवडे काम बंद, आणि दुरुस्तीला हप्त्यांहून जास्त पैसे. मुलगा सुखरूप आला म्हणून आम्ही पैशाचे बोललो नाही.

म्हणून पातळी पाहणे शिकून घ्या. मी दर रविवारी सकाळी पाहते, दोन मिनिटांचे काम आहे. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर घ्यावयाची. इंजिन थोडे चालवून बंद करावयाचे आणि तेल खाली उतरू द्यावयाचे. मग कांडी काढून फडक्याने पुसावयाची, पुन्हा आत घालावयाची आणि काढून पाहावयाची. वरच्या व खालच्या खुणेमध्ये तेल दिसले पाहिजे. माझ्या गाडीत कांडी आटे न फिरविता नुसती टेकवावयाची असते, दुसऱ्या गाडीची रीत तिच्या पुस्तिकेत पाहावी. तेल काळे दिसले एवढ्यावरून घाबरू नये. इंजिनातली काजळी धुणे हे त्याचे कामच आहे, ते केले म्हणून ते काळे होते. मात्र पावसात महामार्गावर पाणी भरते त्यात गाडी बुडाली, आणि कांडीवर तेल ताकासारखे दुधाळ दिसले, तर गाडी सुरू करू नका. पाणी आत गेले आहे. तेव्हा किलोमीटर आणि तारीख दोन्ही विसरून आधी तेल बदलावयाचे.

बाटली आपल्यासमोर फोडावयास सांगा. तीवर १०डब्ल्यू-३० असा काही आकडा असतो, तो पुस्तिकेशी जुळतो का पाहा. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच तेलात फिरतो, म्हणून त्यांच्या बाटलीवर एमए असते. स्कूटरच्या तेलावर बहुधा एमबी असते. तेच तेल मोटारसायकलीत घातले तर तिचा क्लच घसरू लागतो. घरात दोन्ही असतील त्यांनी एकच बाटली दोघींना वापरू नये. आणि काढलेले तेल गटारात ओतू देऊ नका. आपली गटारे खाडीला मिळतात, खाडीच्या कडेने तिवरे आहेत.

मी आता पुस्तिका देव्हाऱ्याखालून काढून गाडीच्या डिकीत ठेविली आहे. तेलाची तारीख दुधाच्या हिशेबाशेजारी कालनिर्णयावर लिहिते, आणि काट्याचा आकडा तिथेच खाली. यजमान येताजाता पाहतात. परवा त्यांनीच मला आठवण केली.

ज्या बहिणीने पेढे वाटले होते त्यांची गाडी दारात येऊन आज बावीस दिवस झाले, मी मोजले आहेत. पुस्तिका त्यांनी आणली आहे. बाकीच्यांनी ज्या कोणी दिवाळीत किंवा त्यानंतर गाड्या घेतल्या असतील त्यांनी तिळगूळ झाल्यावर माझ्याकडे यावे, आपण पाने उघडून पाहू. इंग्रजी अडले तर माझी मुलगी दाराशी उभी आहे.