आमच्या घरातला काळा पैसा

श्रोतेहो, आज एक कबुली देतो. माझ्या घरात काळा पैसा आहे. आयकर खात्याच्या मंडळींनी लगेच निघण्याची गरज नाही, एकूण रक्कम रुपये अकरा. आणि तो काळा आहे, कारण तो चांदीचा आहे.

हे रुपये माझ्या दादीच्या मेहरातले. निकाहाच्या वेळी नवऱ्याने बायकोला द्यायची ठरते ती रक्कम म्हणजे मेहर. आम्ही परभणीचे. दादीचं लग्न झालं तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचं नाणंही वेगळं होतं. त्याला 'हाली' म्हणत, इंग्रजांच्या रुपयाला 'कलदार'. साधारण सहा कलदारांना सात हाली, असा हिशेब जुन्या माणसांच्या तोंडी असे. हाली रुपयावर चारमिनार असायचा आणि त्याच्या दारात एक अक्षर. निजाम महबूब अली खानांच्या नाण्यावर 'मीम', १९११ साली गादीवर आलेल्या उस्मान अली खानांच्या नाण्यावर 'ऐन'. दादीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण ही दोन अक्षरं ती डोळे मिटून, अंगठा फिरवून ओळखायची. अडीअडचणीला मेहर मोडत गेला, अकरा रुपये तेवढे उरले. ते एका लाल फडक्यात, पत्र्याच्या पेटीत असायचे.

मी दहा वर्षांचा असताना ईदच्या आधी अंगणात भांडी घासणं चाललं होतं. मला वाटलं, दादीचे रुपयेही उजळून द्यावेत. चिंच लावली, राखेने एक रुपया खसाखसा घासला. आरशासारखा चमकला. मोठ्या ऐटीत तिच्या हातात ठेवला. तिने अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला आणि एवढंच म्हणाली, "नक्को घिस रे बाबा." दारातलं अक्षर तिच्या बोटाला लागत नव्हतं.

तेव्हा मला कळलं नाही, ते पुढे एका नाणेसंग्राहक मित्राने समजावलं. चांदी गंजत नाही, काळवंडते. हवेतल्या गंधकाच्या वायूशी तिचा संयोग होतो आणि वर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. थर पातळ असतो तेव्हा पिवळसर, मग तांबूस, जांभळा, निळा असे रंग दिसतात. दाट झाला की काळा. आता यातली मुद्द्याची गोष्ट. तो काळा थर म्हणजे वरून बसलेली धूळ नव्हे. त्यात नाण्याचीच चांदी आहे. तो खरवडला की नाण्याचा वरचा पापुद्राच जातो. सराफाकडच्या आम्लात बुडवलं तरी तेच. ॲल्युमिनियमचा कागद आणि खायचा सोडा या उपायाने भांडं छान निघतं, पण नाण्याची मूळची टाकसाळी झळाळी परत येत नाही. म्हणून जाणकार संग्राहक घासून चमकवलेल्या नाण्यापेक्षा शांतपणे काळवंडलेलं नाणं पसंत करतो.

दुसरी चूक मी शहाणा झाल्यावर केली. दादी १९९१ साली गेली. रुपये माझ्याकडे आले. नीट राहावेत म्हणून मी बाजारातून मऊ, पारदर्शक खिशांचा एक अल्बम आणला, त्यात ते भरले आणि कपाटात ठेवून विसरलो. दहाबारा पावसाळ्यांनी उघडून पाहतो तर खिसे नाण्यांना चिकटलेले, आणि नाण्यांवर हिरवट, तेलकट लाळ.

हे काळेपण नव्हे, हा रोग. तो मऊ प्लास्टिक पीव्हीसीचा होता. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू पाझरतं. प्लास्टिकही विघटित होतं, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, आणि ते नाण्यातल्या तांब्याला लागतं. हाली रुपयात हजार भागांत ८१८ भाग चांदी, बाकी हीण. जुन्या कलदारात चांदी अधिक, बारा भागांत अकरा. तांबं जास्त, तसं हिरवं होण्याला वाव जास्त.

यावर उपाय मित्राने सांगितला, तो तुम्हालाही सांगतो. रसायनांच्या दुकानातून शुद्ध ॲसिटोन आणायचं. नखांचा रंग काढायचं द्रव चालणार नाही, त्यात तेल आणि सुगंध असतात. काचेच्या वाटीत नाणं बुडवून ठेवायचं, खिडकी उघडी, जवळपास दिवा, काडी, शेगडी काही नको. घासायचं नाही. काही वेळाने ताज्या ॲसिटोनमध्ये पुन्हा बुडवायचं आणि आपोआप वाळू द्यायचं. ॲसिटोन चिकट घाण विरघळवतं, धातूला आणि काळ्या थराला हात लावत नाही. माझी सात नाणी साफ निघाली. चौघांवर मात्र हिरव्याखाली आम्लाने बारीक खड्डे पाडले होते. ते कोणत्याही औषधाने भरत नाहीत.

तेव्हा घरात आजी-आजोबांचे रुपये असतील तर आज संध्याकाळीच बघा. डाग कोरडा, काळा आणि सगळीकडे पसरलेला असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. हिरवा, चिकट असेल तर उशीर करू नका. नाणं नेहमी कडेने धरा, बोटाचा घामही ठसा ठेवून जातो. रबरबँड, लोकरीचं कापड, वर्तमानपत्राचा कागद नको. रबरात आणि लोकरीत गंधक असतं. पॉलिएस्टरच्या, म्हणजे मायलरच्या पाकिटात, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलची पुडी घालून ठेवा आणि दर पावसाळ्यानंतर एकदा उघडून पाहा.

माझे अकरा रुपये आता तसे ठेवले आहेत. मी लहानपणी चमकवलेला रुपयाही त्यांतच आहे. चांदी ती चांदीच, तोही पुन्हा काळा झाला आहे, रंगाने इतरांहून वेगळा ओळखू येत नाही. फक्त चारमिनारच्या दारावरून अंगठा फिरवला की कळतं. काळेपण परत आलं, अक्षर आलं नाही.