तुटक्या पाट्याची धार



खानदेशात गावाबाहेर पाल ठोकणारे घिसाडी ट्रकच्या तुटक्या पाट्यातून विळा, कोयता, सुरी घडवतात. रुळाचा तुकडा त्यांची ऐरण, सायकलच्या चाकाने फिरणारा पंखा त्यांचा भाता. पाट्याच्या पोलादात सुमारे ०.६ टक्के कार्बन असतो, म्हणून धार टिकते. लालभडक पातं तेलात विझवलं की कडक होतं. पण पुन्हा बेताने तापवलं नाही, तर काचेसारखं तुटतं. ती वेळ हे कारागीर पात्यावर चढणाऱ्या रंगावरून ओळखतात. घण बहुधा घरची बाई मारते.

तयार कोयत्यांमुळे त्यांचं काम घटतंय. शाळेच्या कार्यशाळेसाठी आपण वर्गणी काढतो आहोत. यंत्रं घेऊच, पण वर्षातून एक दिवस अशा जोडप्याला मानधन देऊन शिकवायला बोलावू. तेही गुरुजनच.