कार्ड मिळाले, वेदनेचे काय?



तानसा, मोडकसागर आणि भातसा हे तिन्ही जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. मुंबईच्या पाण्याचा फार मोठा भाग येथून जातो आणि त्याच तालुक्यातील पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. ही विसंगती चळवळीने अनेकदा मांडली आहे. सिकलसेलच्या रुग्णाला ती कशी भोवते, हे मात्र क्वचितच बोलले जाते.

कातकरी व अन्य आदिवासी समाजांत आढळणाऱ्या या आनुवंशिक विकारात तांबड्या रक्तपेशी प्राणवायू कमी होताच विळ्यासारख्या वाकतात, ताठरतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा सुरू होतात. त्या कधी आठवडाभरही चालतात. शरीरातील पाणी घटणे, थंडी, ताप, अतिश्रम ही त्यांची निमित्ते. म्हणून डॉक्टर सांगतात : भरपूर पाणी प्या, विश्रांती घ्या, ओझे उचलू नका. सल्ला शास्त्रशुद्धच आहे. पण उन्हात दूरवरून हंडा आणणाऱ्या बाईने तो पाळावा कसा? उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेल्या मजुराला विश्रांती कोण देणार? मुकादम?

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट. तपासणी हवीच. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेस मूल आजारी निपजण्याची शक्यता शेकडा २५ असते. हे लग्नाआधी कळणे मोलाचे आहे. परंतु जो रुग्ण आज जिवंत आहे त्याच्या हाती रंगीत कार्ड देऊन शासनाचे कर्तव्य संपते काय?

उपशामक सेवा म्हणजे मरणासन्न माणसाची शुश्रूषा, असा समज सुशिक्षितांतही आहे. वास्तविक ती निदानाच्या दिवसापासून सुरू व्हावयास हवी. केरळने २००८ साली तिच्यासाठी राज्याचे धोरण आखले आणि घरभेटींच्या कामात ग्रामपंचायतींना उतरवले. आपल्याकडे माळशेजच्या पायथ्याची आई तळमळणारे मूल घेऊन आधी मुरबाड गाठते, तेथून कल्याण. तीव्र कळांवर लागणारे मॉर्फिन महाग नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने ते दुर्मिळ केले. २०१४ साली कायदा सुधारला, दवाखान्यांतील धास्ती मात्र उरली. वारंवार इंजेक्शन मागणारा रुग्ण व्यसनी ठरतो, आणि तो आदिवासी असला तर अधिकच लवकर!

हायड्रॉक्सीयुरियाची गोळी नियमित घेतल्यास कळांचे झटके कमी होतात. मात्र अधूनमधून रक्त तपासावे लागते. पाड्यावर मिळणारी गोळी भट्टीवर मिळत नसेल तर हा नियम तुटणारच. तेव्हा कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत केवळ तपासणीचे आकडे विचारू नयेत. गोळ्यांचा साठा किती, वेदनाशामक औषध कोणत्या केंद्रात आहे, सिकलसेलग्रस्तांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे प्रमाणपत्र मिळाले का, रुग्ण असलेल्या घरापर्यंत नळ कधी येणार, हे विचारावे. भट्ट्यांकडे जाणारी कुटुंबे दिवाळीनंतर गाव सोडतात. त्यांच्या औषधाची सोय कोणत्या दवाखान्यात केली आहे, याचे लेखी उत्तर त्याआधी घ्यावे.